रहाडीचा रंग आठवड्यात जातो

चौकाचं नाव मी सांगणार नाही. जुन्या नाशकात राहणाऱ्याला ते आपसूक कळेल, आणि कळलं तरी त्याने गप्प बसावं. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की आमच्याकडे रंगपंचमीला रहाड उघडतात. रहाड म्हणजे चौकाच्या मधोमध जमिनीत बांधलेला दगडी हौद. एरवी तो ओंडके टाकून, वर माती लोटून बुजवलेला असतो. त्याच्यावरून रिक्षा जातात, भाजीची गाडी उभी राहते, दुपारी कुत्री झोपतात. पंचमी आली की तो उकरायचा, धुवायचा, उकळलेल्या रंगाने भरायचा, पूजा करायची आणि मग पोरांनी त्यात उड्या टाकायच्या. त्या उडीला धप्पा म्हणतात. एक धप्पा बसला की चारी बाजूंच्या भिंती रंगतात.

प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा, आणि तो करायचा मान ठरलेल्या घराचा. आमच्या चौकात तो आमच्या घराचा आहे, म्हणजे होता. आजोबा रंग करत, मग वडील, मग शेखरदादा. पळसाची फुलं, मंजिष्ठेची मुळं आणि अजून दोन-तीन जिनसा, ज्या घराबाहेर सांगायच्या नसतात. लालसर गुलाबी रंग, जरा जांभळ्याकडे झुकणारा. वडील मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आपल्या रहाडीचा रंग आठवडाभर अंगावर राहतो आणि मग आल्या वाटेने निघून जातो. कातडीला म्हणून काही करत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझी मुंज झाली असती तर गायत्री मंत्राऐवजी हेच कानात सांगितलं असतं.

मी दादाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, निवृत्त झाले आणि भावाच्याच घरात राहिले. जुनं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर आम्हाला फ्लॅट मिळाला, गॅलरी बरोबर रहाडीवर. त्या फ्लॅटमध्ये मी म्हणजे ललितावहिनीच्या मानगुटीवर बसलेली कायमची नणंद. ती मला अजून वन्सं म्हणते. हा शब्द आता कुणी वापरत नाही, ती मुद्दाम वापरते, मला म्हातारी करायला. मी तिच्यापेक्षा फक्त वर्षाने मोठी आहे.

सात वर्षांपूर्वी वहिनीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर होता. गाठ काढली, स्तन राहिला, मग किमो झाली आणि शेवटी शेक. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात. आमच्याकडे सगळे शेक म्हणतात, जणू पाठ दुखली म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली. शेकाने तिथली कातडी काळवंडली आणि पुढे जाड, कोरडी झाली. पण आजार गेला. पाच वर्षं सरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. दादाने त्या दिवशी चौकात पेढे वाटले, आणि मी, जी कुणासमोर रडत नाही, बाथरूमचा नळ सोडून रडले.

डावा हात तेवढा जड राहिला. तो पाठीमागे जात नाही. म्हणून रोज सकाळी वहिनीच्या बॉडीसचे मागचे हूक मी लावते. ती पाठ करून उभी राहते, मी हूक लावते, तिच्या वाढत्या वजनाबद्दल एक टोमणा मारते, ती माझ्या न झालेल्या लग्नाबद्दल एक मारते, आणि दिवस सुरू होतो. पाठ माझ्याकडे, पुढचं तिचं तिने बघायचं. हे कधी बोलून ठरलं नव्हतं.

आमची रहाड दरवर्षी उघडत नाही, पाळीने उघडते. पूजेला मानाच्या घरची जोडी बसावी लागते. वहिनीच्या शेकाच्या वर्षी आमची पाळी होती, तेव्हा चुलत घरची जोडी बसली आणि वहिनी खिडकीतून बघत राहिली. त्याच्या पुढची पाळी कोरोनाने खाल्ली. त्यामुळे यंदाची पाळी म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखं झालं होतं. दादा-वहिनीची जोडी पूजेला, आणि त्यांचा मुलगा हर्षल मानाचा पहिला धप्पा मारणार. वहिनीने संक्रांतीपासून हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं. संक्रांतीपासून ती जरा गप्पही होती. मला वाटलं, मान डोक्यात गेला.

घोळ झाला तो फुलांचा. आम्हाला पळसाची फुलं पेठ तालुक्यातला देवराम आणून देतो. यंदा तो आला तो अर्धी पोती घेऊन, आणि दारातच हात झटकून उभा राहिला.

"दादा, यंदा फूलच नाय. अवकाळीनं लय झोडलं."

दादाने होती ती फुलं उकळली. रंग आला, पण पातळ. पाण्यात कुणी रूहअफजा सांडल्यासारखा. दोन दिवस दादा कढईपाशी उकिडवा बसून होता, कुणी बोललं तर अंगावर येत होता. पंचमीच्या आदल्या दिवशी मी खाली गेले तर रंग एकदम दाट, झळझळीत.

"जमलं की रे!" मी म्हटलं.

"मंजिष्ठ वाढवली," दादा म्हणाला आणि कढईतच बघत राहिला.

पंचमीला सगळं साग्रसंगीत झालं. दादा-वहिनी पाटावर बसले. वहिनीने रहाडीची ओटी भरली. हर्षलने तिच्या पाया पडून असा काही धप्पा मारला की आमच्या गॅलरीपर्यंत शिंतोडे आले. मग प्रथेप्रमाणे घरातल्या बायकांसाठी रंगाची बादली वर आली. आजारानंतर वहिनी रंगाला उभी राहत नसे, कातडी जपायला सांगितलेली. यंदा मात्र ती स्वतः न्हाणीघराच्या दारात येऊन बसली.

"वन्सं, ओता."

मी उजव्या खांद्यावर तांब्या धरला. तिने माझं मनगट पकडून तो डावीकडे नेला.

"इथे. चांगला भरून ओता."

मी ओतला. तिने डोळे मिटून घेतले होते. मला त्या वेळी तिचं कौतुक वाटलं. वाटलं, बाई भीतीतून बाहेर आली.

आठवडा गेला, रंग काही जाईना. माझ्या नखांच्या कडा गुलाबी राहिल्या. हर्षलची मान धुऊन धुऊन सोलवटली तरी रंग तसाच. चौकातली पोरं महिन्याने सुद्धा गुलाबी कान घेऊन क्लासला जात होती. लोक दादाला रस्त्यात थांबवून सांगायचे, शेखरभाऊ, यंदाचा रंग म्हणजे नादच नाही. दादा हसायचा आणि घाईघाईने जिना चढायचा. इतकी स्तुती आणि माणूस फुगत नाही, हे आमच्या खानदानाला धरून नव्हतं. पण मी खोलात गेले नाही.

एका सकाळी हूक लावताना माझं लक्ष कपाटाच्या आरशात गेलं. वहिनीच्या डाव्या स्तनावर, जुन्या टाक्यांच्या खाली, रुपयाएवढा डाग होता. मध्ये जांभळा, कडेला गुलाबी.

"अगंबाई, अजून रंग?" मी विचारलं.

"आपल्या घरचा रंग," ती म्हणाली आणि पदर ओढून घेतला. "सहजासहजी सुटतोय होय?"

माझी नखं गुलाबी होती. मी हसले. शेकाची कातडी जाड, तिने रंग जास्त धरला असेल, असं मीच तिला समजावून सांगितलं. तीही मान डोलवत राहिली.

अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे माझी नखं स्वच्छ झाली, हर्षलची मानही. एक दिवस धुण्यात वहिनीची बॉडीस हातात आली तर आतल्या बाजूला तपकिरी ठिपका. पाण्यात घातल्यावर तो लाल झाला. रक्त होतं. रंग आणि रक्त यातला फरक बाईमाणसाला कुणी शिकवावा लागत नाही. मी ओल्या हातांनी तशीच तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, दाखव. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तिने दाखवलं.

डाग आता तळहाताएवढा झाला होता. त्याच्यात करवंदासारखी एक काळपट गाठ वर आली होती आणि बाजूला नवे दोन ठिपके उठले होते. मी घाबरले की भांडते, तशी भांडत बाहेर आले आणि दादाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता कॅन्सरच्या डॉक्टरांकडे.

दादा म्हणाला, "कातडीचं आहे. उन्हाळा आहे. मी मलम आणलंय."

"मलम आणलंयस? म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला दिसलं होतं. बरं होईल. उगाच डॉक्टर शंभर प्रश्न विचारतील."

"विचारू देत की! उत्तरं द्यायला तुझी जीभ झिजते का?"

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी त्याला साठ वर्षं ओळखते. हा माणूस बायकोला शिंक आली तरी काढा उकळतो. त्याला आज दवाखाना नको होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मी पुढे वाद घातला नाही. वहिनीला चपला घालायला लावल्या, खाली रिक्षा थांबवली आणि तिला आत बसवलं. रिक्षा निघता निघता दादा धावत आला आणि ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसला.

डॉक्टर वेदिका म्हणून तरुण बाई आहेत. वहिनीला त्याच तपासतात. त्यांनी डाग बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"हा पहिल्यांदा कधी दिसला?"

वहिनी काही बोलायच्या आत दादा बोलला. "रंगपंचमीला." आणि मग बांध फुटावा तसा तो बोलतच सुटला. फुलं कमी पडली होती. चौकात नाचक्की होईल म्हणून त्याने आदल्या दिवशी बाजारातून पावडरीचे डबे आणले आणि कढईत ओतले. कुणाला सांगितलं नाही. त्या पावडरीनेच हिची कातडी भाजली असणार. शेकाची नाजूक कातडी ती, तिला सोसलं नाही. "चूक माझी आहे, डॉक्टर. पण तिच्यावर उपचार करा."

मी आ वासून त्याच्याकडे बघत होते. ज्या घरात बाजारच्या रंगाची पुडी उंबऱ्याच्या आत येत नव्हती, त्या घराच्या रहाडीत यानं डबे ओतले आणि दोन महिने तोंड शिवून बसला. चौकात कळू नये म्हणून बायकोला दवाखान्यात नेलं नाही. तिथे खुर्ची होती म्हणून मी खुर्चीत बसले, नाहीतर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. "रंगाने असं होत नाही," त्या म्हणाल्या. "तुकडा काढून तपासायला पाठवू. स्कॅनही करू."

रिपोर्ट आले तेव्हा आम्ही तिघं पुन्हा त्याच खोलीत बसलो होतो. डॉक्टर वेदिकांनी खुर्ची वहिनीजवळ ओढली आणि दादाकडे न बघता तिलाच सांगितलं. जुना कॅन्सर परत आलेला नव्हता. हा वेगळाच होता, रक्तवाहिन्यांच्या पेशींमधून उठणारा, म्हणून तर मुका मार लागल्यासारखा दिसत होता. नाव अँजिओसार्कोमा. ज्यांना छातीवर शेक दिला जातो त्यांच्यातल्या फार थोड्यांना, काही वर्षांनी, त्याच जागी तो होतो.

"म्हणजे तुमच्या शेकाने झाला," मी म्हटलं. माझा आवाज जरा वरच गेला.

"हो," त्या म्हणाल्या. "शेकाने झाला. आणि शेक दिला नसता तर पहिला आजार परतायची भीती मोठी होती. तेव्हाही हे लिहून दिलेलं असतं, पण इतकं क्वचित होतं की कुणाच्या लक्षात राहत नाही." त्यांनी टाळाटाळ केली नाही, म्हणून मला पुढे भांडता आलं नाही.

"मग रंगाने नाही ना?" दादाने विचारलं.

"नाही. रंगाचा काही संबंध नाही."

दादाने खोल श्वास सोडला आणि हात जोडून कपाळाला लावले. सुटलो, असं त्याच्या तोंडून निघालं नाही एवढंच. पुढच्या क्षणी त्याला कळलं की आपण कुठे बसलोय आणि कशाबद्दल सुटलोय. त्याने हात खाली घेतले. ते कुठे ठेवायचे हे त्याला समजेना.

वहिनी म्हणाली, "डॉक्टर, मी तुम्हाला खोटं नाही सांगितलं, पण यांना बोलू दिलं. डाग पंचमीचा नाही. संक्रांतीचा आहे. संक्रांतीला वाण लुटायला जाताना साडी नेसले तेव्हा आरशात दिसला. तेव्हा लहान होता."

डॉक्टरांनी कागदावरची तारीख खोडून नवी लिहिली.

"मी तेव्हाच आले असते तर?" वहिनीने विचारलं.

"लहान असताना काढणं सोपं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "हा भराभर वाढतो. पण फुप्फुसं स्वच्छ आहेत, स्कॅनमध्ये कुठे पसरलेला दिसत नाही. आता अख्खा स्तन काढावा लागेल, भोवतालची शेकाची कातडीसुद्धा. मांडीची कातडी काढून तिथे लावू. पुढच्याच आठवड्यात. त्यानंतर काय, ते मी आज खात्रीने सांगू शकत नाही."

घरी आल्यावर कुणी जेवायचं नाव काढलं नाही. हर्षल कामावर होता. भर दुपारची वेळ, खालून भंगारवाल्याची हाळी येत होती. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. दादा दारात.

"संक्रांतीपासून?" तो म्हणाला. "ललिता, का गं? मला एक शब्द नाही?"

"शब्द सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. पूजेला पुन्हा चुलत घरची जोडी. हर्षलचा धप्पा मी पुन्हा खिडकीतून बघायचा." तिचा आवाज शांत होता. "मला एक रंगपंचमी हवी होती हो. पेशंट नसलेली. एवढीच हाव धरली."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पुढे आला तशी तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"थांबा, झालं नाही माझं. मी सगळं ठरवलं होतं. रंग अंगावर घ्यायचा, डागावरच ओतून घ्यायचा. आपला रंग आठवड्यात जातो. सासरे सांगायचे, तुम्ही सांगता. आठवड्याने तुमचा सगळ्यांचा जाईल आणि माझा डाग उघडा पडेल. मग तुम्ही विचाराल, वन्सं विचारतील आणि मी सांगीन. स्वतःहून सांगायला माझ्या जिवाला धीर नव्हता. वाटलं, रंग गेला की डागच सांगेल."

ती थांबली. ओट्यावरचं फडकं तिने उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"आणि रंग गेलाच नाही. हर्षलच्या मानेवरून गेला नाही, वन्संच्या नखांवरून गेला नाही. तुमच्या डब्यांचा रंग! मग माझ्या डागाचं कोण विचारतंय? मी रोज उठून हर्षलची मान बघायचे. ती गुलाबी दिसली की वाटायचं, चला, आजचा दिवस मिळाला. मी खूश होत होते. ऐकताय ना तुम्ही? आतमध्ये ते वाढत होतं आणि मी खूश होत होते."

दादा खाली बसला. तिथेच, दारात, फरशीवर. डॉक्टर म्हणाल्या होत्या, रंगाचा काही संबंध नाही. त्यांचं बरोबर होतं, रंगाने आजार दिला नव्हता. पण रंगाने तो झाकून ठेवला होता, आणि हे कुठल्या रिपोर्टात येणार नव्हतं. आमच्या तिघांनाच ते माहीत होतं. मला भावाचा इतका राग आला होता आणि त्याच वेळी इतकी कीव येत होती की मी उठून नुसती गॅस पुसत बसले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर वेदिका एक पेन घेऊन आल्या. पडद्याच्या आत मी वहिनीजवळ उभी होते, दादा पायांशी. डॉक्टरांनी तिच्या छातीवर, जेवढं काढायचं तेवढ्याच्या भोवती रेघ ओढली. गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत, खाली बरगड्यांवरून परत. रेघ जांभळी होती. वहिनी मान वाकवून ती बघत होती.

"हा रंग किती दिवस राहतो?" तिने विचारलं.

"आठवडाभर. मग आपोआप जातो."

"नक्की जातो ना?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्या हो म्हणाल्या आणि हातमोजे काढत बाहेर गेल्या. वहिनी दादाकडे बघून हसली. खरंच हसली, आणि दादा पलंगाची कड धरून हमसून हमसून रडायला लागला. मी त्याला वडील गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

"रडू नका," ती म्हणाली. "एक करा. मी परत आले की चौकात सांगा. डबे ओतले म्हणून. सगळ्यांसमोर सांगा."

"सांगतो."

"नाही आले तरी सांगा."

तिला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. हर्षल चहा आणायला गेला तेव्हा दादाने खिशातून फोन काढला आणि सोमाअण्णांना लावला. सोमाअण्णा चौकातले सगळ्यात वडीलधारे, रहाडीचा सगळा कारभार त्यांच्या शब्दाने चालतो. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दादाला मोठ्याने बोलावं लागलं. बाकावरच्या अनोळखी लोकांसमोर, ओरडून, दोनदा, त्याने सांगितलं की यंदाच्या रहाडीत मी बाजारचा रंग घातला होता.

"आधी सूनबाईचं बघ," सोमाअण्णा म्हणाले. "आणि शेखर, मान राहणार नाही हं तुझ्याकडे."

"माहीत आहे, अण्णा. हर्षललाही नको."

त्याने फोन ठेवला. मी त्याचा हात हातात घेतला. आम्ही भावंडं असे हात धरणारी नाही, पण धरला.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. संध्याकाळी वहिनी शुद्धीवर आली तेव्हा तिने पाणी मागायच्या आधी विचारलं, "सांगितलं?" दादाने मान हलवली. तिने डोळे मिटले. पुढे तपासणीचा रिपोर्ट आला, कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. डॉक्टर म्हणाल्या, हे चांगलं आहे, पण हा आजार भरवशाचा नाही, दर तीन महिन्यांनी स्कॅन करायचा आणि रोज तिथे आणि भोवती बारीक बघायचं. नवा ठिपका दिसला तर त्याच दिवशी यायचं.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी सवयीने वहिनीच्या खोलीत गेले. तिने सैल सुती गाऊन घातला होता. हूक लावायला काही नव्हतंच. मी दारात अडखळून उभी राहिले. टोमणा सुचेना. ती नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून उभी होती.

मग ती वळली. गाऊनच्या पुढच्या नाड्या तिने एका हाताने सोडल्या. मांडीवरची कातडी छातीवर नीट बसली होती, लालसर, चौकोनी, टाक्यांच्या रांगांनी शिवलेली. पेनाची रेघ पुसून गेली होती.

"वन्सं," ती म्हणाली, "आता पुढचंही तुम्हीच बघायचं. रोज. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, ते मला हवं तेच बघतात. काही दिसलं तर मला विचारू नका, यांनाही विचारू नका. सरळ रिक्षा थांबवा."

"बरं," मी म्हटलं.

"लाजू नका. सगळ्या बाजूंनी बघा."

मी चष्मा पदराने पुसून लावला, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि तिला उजेडात घेऊन बघायला लागले.